तिडकेबाई पार्लरमध्ये आल्या तेव्हा

तिडकेबाईंचा विषय निघाला की आमच्या गावातली माणसं अजून हसतात. "ती गेम खेळणारी मास्तरीण व्हय?" म्हणतात आणि एकमेकांना टाळी देतात. पन्नाशी ओलांडलेली, सुना-जावई आलेली माणसं आहेत ही. मला त्या हसण्याचा संताप येतो. इतकी वर्षं मी त्यात गप्प बसलो, दोनदा तर हसलोसुद्धा. आता तसं बसवत नाही म्हणून लिहितोय.

सुमन तिडके आमच्या गावच्या हायस्कुलात खेळाच्या शिक्षिका होत्या. गाव म्हणजे घाटनांदूरहून परळीकडं जाताना लागणारं, रेल्वेच्या रुळाला टेकून वसलेलं. आडनाव तिडके आणि डोक्यात कायम तिडीक, हा विनोद त्या रुजू झाल्या त्याच आठवड्यात गावानं करून टाकला होता. बाई उंच, काटक, सावळ्या. साडी घोट्याच्या वर, जागोजाग पिना लावून घट्ट बसवलेली. पायात कॅनव्हासचे बूट, रोज ओल्या खडूनं पांढरे केलेले. गळ्यात मंगळसूत्र नव्हतं, शिट्टी होती. लग्न झालं होतं का, मोडलं होतं का, नवरा कुठं असतो, यावर गावात चार-पाच कथा चालत. बाईंनी त्यातली एकही खोडून काढली नाही. कुणी तोंडावर विचारलंच तर म्हणायच्या, "तुमच्या घरी पोरगी हाय का? मग उद्या साडेपाचला ग्राउंडवर पाठवा."

त्यांना बसलेलं मी फारसं पाहिलं नाही. चहा उभ्यानं, पेपर उभ्यानं, मास्तरांच्या खोलीतली मीटिंगसुद्धा खिडकीला टेकून उभ्यानं. एरवी आमच्यासारखंच बोलायच्या, "हाय", "न्हाई", "लई". पण खरोखर चिडल्या की एकदम पुस्तकातलं शुद्ध मराठी सुरू व्हायचं. बाईंच्या तोंडून "कृपया" असा शब्द आला की पोरी घाबरून ओळ सरळ करायच्या.

त्यांनी मुलींची कबड्डीची टीम उभी केली होती. बारा पोरी. कुणाचा बाप रेल्वेत गँगमन, कुणाचा हमाल, दोघी-तिघी शेतकऱ्यांच्या. निळी हाफपँट आणि पांढरा बनियन घालून गावातल्या पोरी उघड्या मैदानात एकमेकींच्या तंगड्या ओढतात, हे गावाला पचायला दोन वर्षं लागली. पूर्ण पचलं नव्हतंच. बाई घरोघर जाऊन भांडून पोरी आणत.

एकदा तेलगावला सामने होते. जिंकून परत निघालेल्या पोरी एसटी स्टँडवर उभ्या. कंडक्टरनं बारा पोरी आणि पिशव्या पाहिल्या आणि गाडी थांबवायच्या आधीच डबल बेल मारली. बाई तशाच पुढं जाऊन गाडीसमोर उभ्या राहिल्या. ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, आतली माणसं खिडकीतून ओरडतायत. बाईंनी पिशवीतून हजेरीचं रजिस्टर काढलं आणि तिथंच, बंपरला पाठ लावून, हजेरी घ्यायला सुरुवात केली. "रेखा." "हजर." "चढ." "मंगल." "हजर." "चढ." अशा बाराच्या बारा चढल्या. मग रजिस्टर मिटून बाई स्वतः चढल्या आणि कंडक्टरला म्हणाल्या, "आता कृपया घंटी वाजवा." रेखानं ही गोष्ट मला सांगितली तेव्हा ती हसून हसून खाली बसली होती. रेखा म्हणजे गँगमनची मुलगी, टीममधली सगळ्यात चांगली चढाई करणारी.

आता माझं सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

तो काळ असा होता की दर महिन्याला गावात काहीतरी नवीन येई. एसटीडीचा पिवळा बूथ आला, डिश अँटेना आल्या, थंड्याच्या न ऐकलेल्या नावांच्या बाटल्या आल्या. मी बी.कॉम. होऊन अप्पांच्या, म्हणजे वडिलांच्या, किराणा दुकानात पुड्या बांधत होतो आणि मला त्या नव्यात हात घालायचा होता. हैदराबादला आमचे पाहुणे होते. त्यांच्या ओळखीनं मी एक जुनी व्हिडिओ गेमची मशीन टेम्पोत घालून आणली आणि शाळेच्या रस्त्यावर एका गाळ्यात पार्लर टाकलं. गाळा आबासाहेबांचा. आबासाहेब म्हणजे गावातले मोठे जमीनदार, झेडपीचे माजी मेंबर आणि शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष. त्यांचा पुतण्या रणजित माझं पहिलं गिऱ्हाईक. कॉलेज अर्धवट सोडलेला, बुलेटवर फिरणारा.

मशीन मारामारीची होती. कपाटाएवढा लाकडी खोका, त्यात टीव्ही, समोर दोन दांड्या आणि सहा-सहा बटनं. पडद्यावर दोन माणसं समोरासमोर उभी राहायची आणि वरच्या बाजूला दोघांच्या नावाची एकेक पिवळी पट्टी. मार बसला की पट्टी तोकडी होत जायची, संपली की माणूस आडवा. लढणारे आठ होते. त्यांची इंग्रजी नावं कुणाला वाचायची नव्हती. पोरांनी आपलीच ठेवली होती. पैलवान, जटावाला, टकल्या, लुंगीवाला. आठांत एक बाई होती. लांब वेणी, पिवळा अंगरखा, उघड्या मांड्या. तिला पार्लरमध्ये जे नाव पडलं होतं ते मी इथं लिहिणार नाही. तेव्हा मात्र मी ते रोज ऐकत होतो. स्वतःही म्हणत होतो.

शाळेचं ग्राउंड माझ्या गाळ्याच्या पलीकडं. सकाळ-संध्याकाळ टीमच्या पोरी समोरून जायच्या. आतून कुणीतरी तेच नाव घेऊन हाक मारायचं आणि बाकीचे फिदीफिदी हसायचे. पुढं पुढं रणजित आणि त्याचे दोस्त दारातच उभे राहू लागले. मी काय करायचो? फडकं घेऊन पडदा पुसायचो. गिऱ्हाईक दुखवायचं नाही, असं मी स्वतःला सांगायचो.

महिनाभरात पोरींनी रस्ता बदलला. रुळाच्या मागून, नाल्यातून, पाऊण मैलाचा वळसा घालून त्या ग्राउंडवर येऊ लागल्या. दोघींच्या घरच्यांनी त्यांना पाठवणंच बंद केलं. बाईंनी कारण विचारलं तर कुणी सांगेना. शेवटी रेखानं सांगितलं.

रविवारची सकाळ होती. पार्लरमध्ये सात-आठ जण होते. बाई प्रॅक्टिस संपवून तशाच आत शिरल्या, बुटांना लाल माती लागलेली. आजवर त्या गाळ्यात एकही बाईमाणूस आलं नव्हतं. 

"रेखाला कोण काय म्हणलं?" बाईंनी विचारलं.

 मशीन तेवढी आपल्या तालात वाजत होती. रणजित स्टुलावरून न उठता म्हणाला, "बाई, गेम खेळायला आल्या का?"

बाई त्याच्याकडं न बघता पडद्याकडं बघत होत्या. तिथं पैलवान आणि ती वेणीवाली यांची लढत चालू होती. पैलवानानं तिला उचलून आपटलं. ती किंचाळली. पार्लरमधला एक जण सवयीनं तिच्यासारखा किंचाळला आणि मग बाई उभ्या आहेत हे आठवून ओशाळला. बाईंनी ती लढत शेवटपर्यंत बघितली. मग दुसरीही बघितली, त्यात दोघेही पुरुष होते.

"मल्लू," त्या मला म्हणाल्या, "ही एकटीच कावून किंचाळती रे? बाकीच्यांना मार लागत न्हाई का?"

सहा महिने ती मशीन माझ्याकडं होती. मी हे कधी ऐकलंच नव्हतं. खरोखरच, पुरुष पडले की नुसतं 'हुं' म्हणायचे. ही लांब सूर काढून किंचाळायची.

"मशीनच तशी येती बाई," मी म्हणालो.

"मशीन काय आभाळातून पडली? कुणीतरी बसून बनवली आसंल की. त्यानंच ठरवलं आसंल, बाई पडल्यावर कशी वरडती ते."

रणजित उठला, वाकून स्टूल पुढं केलं. "बसा की. पोरींना शिकवता तसं आमालाबी शिकवा."

सगळ्यांना वाटलं बाई आता त्याच्या थोबाडीत देणार. बाई स्टुलावर बसल्या. मी त्यांना बसलेलं पाहिलं ते तेव्हा. त्यांनी वेणीवाली निवडली. कोणतं बटन कशाचं हे कळायच्या आत पट्टी संपली. हशा पिकला. बाई म्हणाल्या, "पुन्हा." पुन्हा हरल्या. तिसऱ्यांदाही हरल्या. पोरं भिंतीला टेकून हसत होती. बाई उठल्या, साडीची पिन नीट केली आणि रणजितला म्हणाल्या, "शिकून येते."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत, दोनच्या सुमाराला, उन्हात कुणी नसताना बाई आल्या. आधी बाहेरून एक वीट आणली आणि दार सताड उघडं ठेवून त्याला ती लावली. "रोज आशीच ठेवायची," म्हणाल्या. मग बसल्या. "बटनं सांग."

पुढचे पंधरा-वीस दिवस त्या रोज यायच्या. अर्धा तास, घड्याळ लावून. मी पोरांना शिकवताना 'हे दाब, मग ते दाब' एवढंच सांगायचो. बाईंचे प्रश्न वेगळेच.

"हा मागं सरकताना हात वर धरतो. तेवढ्यापुरता मार लागत न्हाई, व्हय ना? मग येडे सारखं पुढं कावून पळतेत?" आणि थोड्या वेळानं, "पण नुसतं मागं सरकून भागत न्हाई. कड लागते. कडेला गेला की संपला. आमच्या कबड्डीतल्या कोपऱ्यासारखंच हाय हे."

पडलेल्याला मारता येतं हे कळल्यावर त्या भडकल्या. "आमच्यात पकड झाली की झाली. हितं आडवा पडल्यावर लाथा घालतेत. अन जिंकल्यावर हे खाली काय लिहून येतं? वाच." मी वाचलं. जिंकलेला हरलेल्याला टोमणा मारतो, असं काहीतरी होतं. "जिंकला ना? मग बोलतो कशाला?"

आठांच्या पलीकडचा शेवटचा लढवय्या म्हणजे कवटीचा मुखवटावाला, त्याच्याकडून मशीन स्वतः खेळायची. तो कुणाकडूनच हरत नसे. बाईंनी त्याच्याशी आठ-दहा वेळा हरून शोध लावला. "हा लबाड हाय. मी बटन दाबल्यावर ह्याला आधी कळतं, मग हा हात उचलतो. माझ्या हातातलं बघून डाव टाकतो. ह्याच्याशी खेळण्यात काय अर्थ न्हाई. माणसाशी खेळते."

आणि एक गोष्ट त्यांना फार आवडली होती. वेणीवालीची पट्टी सुईएवढी उरलेली असताना त्यांनी एक लढत जिंकली आणि पहिल्यांदा माझ्याकडं वळून हसल्या. "बघितलास का? पट्टी संपत आली तरी हिची लाथ तेवढ्याच जोरात बसती. ह्यांना दम लागत न्हाई बे. माझ्या पोरींचं आसं आसतं तर!" मग पुन्हा पडद्याकडं बघत म्हणाल्या, "पोरींचा दम घरीच जातो. भांडी, पाणी, धाकट्याला सांभाळणं. ग्राउंडवर येतेत तवा पट्टी अर्धीच आसती."

मी त्यांना विचारलं, बाई, तुम्ही हीच का निवडता? पैलवान घ्या, त्याची लाथ जड आहे. बाईंनी माझ्याकडं असं पाहिलं की मी पुन्हा विचारलं नाही.

रणजित संध्याकाळी येई. बाईंचं दुपारचं येणं त्याला कळलंच. एका संध्याकाळी बाईंनी त्याला रस्त्यात गाठून, माणसं ऐकतील अशा आवाजात सांगितलं, "गुरुवारी, बाजाराच्या दिवशी, सकाळी दहाला. मी जिंकले तर तू अन तुझे दोस्त ह्या रस्त्यावर उभे राहायचं न्हाई. तू जिंकलास तर मी टीम बंद करते." रणजितनं हसून मान डोलावली. मला वाटलं बाईंना वेड लागलं. टीम पणाला लावायची? तीही व्हिडिओ गेमवर? मी तसं म्हणालोही. बाई म्हणाल्या, "टीम कवाच पणाला लागलीया. मी नुसतं मोठ्यानं सांगितलं."

गुरुवारी गाळ्यात पाय ठेवायला जागा नव्हती. बाजाराला आलेली माणसं टोपल्या खाली ठेवून दारातून डोकावत होती. पोरींना बाईंनी मुद्दाम बोलावलं होतं. बाराच्या बारा, शाळेच्या गणवेशात, दाराशी ओळीनं उभ्या.

तीन डावांची लढत. पहिला डाव रणजितनं घेतला. तो पैलवान घेऊन उड्या मारत यायचा आणि वरून आदळायचा. बाई नुसत्या मागं सरकत राहिल्या आणि कडेला अडकल्या. माणसं ओरडली. रेखानं डोळे मिटून घेतले होते.

दुसऱ्या डावात मी बघतो तर बाई पडद्याकडं बघतच नव्हत्या. त्यांची नजर खाली, रणजितच्या पायांकडं. पडद्यावरच्या पैलवानाच्या पायांकडं म्हणत नाही मी, रणजितच्या स्वतःच्या. पैलवानाला उडी मारायला लावायच्या आधी रणजितची उजवी टाच जमिनीवरून उचलली जायची. त्याला ते माहीतच नव्हतं. टाच उचलली की बाईंची वेणीवाली एक पाऊल मागं घ्यायची, आणि पैलवान खाली येतो न येतो तोच लाथ. टाच, पाऊल, लाथ. पुन्हा टाच, पुन्हा लाथ. पोरी हे लगेच ओळखून हसू लागल्या, कारण बाई त्यांना पहिल्या दिवसापासून हेच शिकवत होत्या की समोरच्याच्या तोंडाकडं बघायचं नाही, पाय बघायचे. रणजित चिडला, जास्त उड्या मारू लागला. दुसरा डाव गेला. तिसऱ्यात त्याची पट्टी निम्मीसुद्धा झाली नव्हती तोवर घाम फुटला, आणि तो हरला तेव्हा बाईंच्या पट्टीला धक्काही लागलेला नव्हता.

पोरी अशा ओरडल्या की बाजारातले बैल बुजले. बाई उठल्या. त्यांनी हात वर केला नाही की काही बोलल्या नाहीत. रणजितकडं बघून एकदा मान हलवली, जशी खेळाडू खेळाडूला हलवतो, आणि पोरींना म्हणाल्या, "चला, पहिला तास बुडालाय."

एक आठवडा रस्ता मोकळा होता. पोरी सरळ माझ्या दारावरून ग्राउंडवर जायच्या आणि जाताना आत बघून हात करायच्या. पाठवणं बंद झालेल्या दोघी पुन्हा ग्राउंडवर येऊ लागल्या. जिल्ह्याच्या सामन्यांना पंधरा दिवस उरले होते.

मग आबासाहेबांचं बोलावणं आलं.

त्यांनी मला खुर्ची दिली, चहा दिला, अप्पांची तब्येत विचारली. मग टाईप केलेला एक कागद पुढं सरकवला. सदर शिक्षिका शाळेच्या वेळेत तरुण मुलांच्या संगतीत व्हिडिओ पार्लरमध्ये बसतात, बंद दाराआड बसतात, त्यामुळं मुलींवर वाईट परिणाम होतो, असं त्यात लिहिलं होतं. खाली माझं नाव, आणि सहीसाठी रेघ.

"आबा, दार बंद नसायचं," मी म्हणालो.

"आरं, तेवढं काय?" आबासाहेब म्हणाले. "गाळा तुलाच ठेवायचा हाय आमाला. पुढच्या साली अजून एक मशीन आण."

मी सही केली. धमकी नव्हती, मारहाण नव्हती. माझ्या हातात चहाचा कप होता, तो खाली ठेवला आणि सही केली. अप्पांना विचारलं नाही. विचारलं असतं तर ते नको म्हणाले असते, हे मला माहीत होतं.

चौकशी शाळेच्या ड्रॉइंग हॉलमध्ये झाली. टेबलामागं संस्थेचे पाच जण. हेडमास्तर कडेला, मान खाली घालून. मला साक्षीदार म्हणून बोलावलेलं. बाई समोर उभ्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. कागद वाचून झाल्यावर त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"मल्लिकार्जुन, मी तुझ्याकडे किती वाजता येत होते?"

"दोन वाजता."

"दार उघडं असायचं की बंद?"

मी आबासाहेबांकडं पाहिलं. ते छताकडं बघत होते. 

"आठवत न्हाई," मी म्हणालो.

आजही मला हे दोन शब्द आठवले की जेवण जात नाही.

 बाई टेबलाकडं वळल्या. "अध्यक्ष महोदय, याला आठवत नाही. माझ्या बारा मुलींना आठवतं. कृपया त्यांना बोलवावं."

"पोरींना ह्यात कशाला ओढता बाई?" आबासाहेब म्हणाले.

"त्यांना नाल्यातून यायला लावलं तेव्हा कुणी ओढलं होतं? मी त्या मशीनवर बसले. हरले, शिकले आणि जिंकले. यातल्या कोणत्या कामानं शाळेची अब्रू गेली, तेवढं मला लेखी द्या. रस्त्यात उभं राहून मुलींना घाणेरड्या नावांनी हाका मारणाऱ्यांची चौकशी कोणत्या तारखेला आहे, तेही द्या."

 लेखी देण्यासारखं त्यांच्याकडं काहीच नव्हतं. निकाल आधीच ठरलेला होता. बाईंची बदली संस्थेच्या डोंगरातल्या शाखेत झाली. तिथं चौथीपर्यंतचे वर्ग, आणि मैदान म्हणायला खडकाचा उतार.

जिल्ह्याच्या सामन्यांना टीम गेलीच नाही. नवीन खेळशिक्षक आले, त्यांनी मुलींना लेझीम दिली. वर्षाच्या आत रेखाचं लग्न धर्मापुरीकडं झालं, तेव्हा ती दहावीत होती. मंगलचंही झालं. मैदानाच्या रस्त्याकडच्या बाजूला संस्थेनं दुकानांची रांग बांधली. माझी मशीन दुसऱ्या उन्हाळ्यात जळाली आणि मी पुन्हा पुड्या बांधायला लागलो. रणजित आज संस्थेचा अध्यक्ष आहे. महिला दिनाला तो स्टेजवरून मुलींच्या शिक्षणावर बोलतो आणि खाली बसलेली माणसं टाळ्या वाजवतात. त्यातलाच कुणीतरी चहाच्या टपरीवर मला म्हणतो, "ती गेम खेळणारी मास्तरीण आठवती का रे मल्लू?"

त्यानंतर बाई मला एकदाच दिसल्या. दहा-बारा वर्षांनी, अंबाजोगाईच्या स्टँडवर. केस पांढरे झालेले, पाठ मात्र तशीच ताठ. फलाटाच्या कडेला उभ्या होत्या. मी जवळ गेलो.

"बाई, मी मल्लू."

"वळखलं."

"बाई, माझं चुकलं. मी तवा..."

"हे मला कावून सांगतोस?" त्यांचा आवाज चढला नव्हता. "माझी नोकरी ऱ्हायली. पगार ऱ्हायला. गेलं ते पोरींचं गेलं. बारा होत्या. नावं सांग."

"रेखा," मी म्हणालो. "मंगल."

"पुढं?"

मला येईनात. कित्येक महिने त्या रोज माझ्या दारावरून गेल्या होत्या. चेहरे दिसत होते, वेण्या दिसत होत्या, आठवडाभर आत बघून केलेले हात दिसत होते. नावं नव्हती.

"शोभा," बाई म्हणाल्या. "सखू. दोन अनिता. फरजाना. कांता. छबू." बोटांवर मोजत त्यांनी बारा पूर्ण केल्या. प्रत्येकीचं सासर सांगितलं. दोघी वारल्या, तेही सांगितलं. "चुकलं म्हणायचं आसंल तर तिकडं जाऊन म्हण."

तेवढ्यात गाडी लागली. माणसं दाराशी तुटून पडली. एक म्हातारी ढकलाढकलीत मागं फेकली गेली, तशा बाई माझ्याशी चाललेलं बोलणं तिथंच टाकून पुढं घुसल्या. एका दांडग्या माणसाची कॉलर धरून त्याला पायरीवरून खाली उतरवलं, म्हातारीला वर चढवलं आणि मागोमाग स्वतः चढल्या. गाडी सुरू झाली तेव्हा खिडकीतून त्या दिसल्या, दांड्याला धरून उभ्या, बसलेल्या कुणालातरी उठ म्हणून सांगत असलेल्या. मी फलाटावर होतो. त्यांनी वळून पाहिलं नाही. गाडी गेटबाहेर पडेपर्यंत इंजिनाच्या घरघरीवर त्यांचा आवाज ऐकू येत होता.